स्ट्रेन की फिल्टर?

आपण चहा गाळतो, पाणी गाळतो, वैद्यांचं चूर्ण वस्त्रगाळ असतं आणि परीक्षेत तर गाळलेल्या जागा भरायच्या असतात! आपलं एकटं 'गाळणे' एवढी सगळी कामं करतं. इंग्रजीत मात्र 'स्ट्रेन' आणि 'फिल्टर' असे दोन शब्द समोर येतात आणि पंचाईत होते.

मी डहाणूला सातवीत असताना इंग्रजीच्या बाईंनी भाषांतराला वाक्य दिलं, 'आजी पाणी गाळते.' अर्ध्या वर्गानं स्ट्रेन लिहिलं, अर्ध्यानं फिल्टर.

"आजी कशानं गाळते रे?" बाईंनी विचारलं.

"लुगड्याच्या फडक्यानं!"

पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ व्हायचं, तेव्हा हंड्याच्या तोंडावर फडकं असायचंच.

"मग ते स्ट्रेन. आणि ऑफिसात कँडलवाला पिंप आहे ना, तो फिल्टर करतो."

म्हणजे चहाची पत्ती, काडीकचरा असं डोळ्यांना दिसणारं अडवलं की स्ट्रेन. फिल्टरची भोकं इतकी बारीक, की न दिसणारंही बरंच अडकतं. (हा शब्द 'फेल्ट' या दाबून केलेल्या लोकरी कापडावरून आलाय. स्ट्रेनचा मूळ अर्थ आवळणं, ताणणं. म्हणून तर डोळ्यांवर ताण आला तरी 'स्ट्रेन'च!)

पण फडक्याला कमी लेखू नका हं. पूर्वी महाराष्ट्रातही नारू व्हायचा. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या इवल्याशा जिवाच्या पोटात नारूची पिल्लं असतात. ते पाणी प्यायलं, की साधारण वर्षानं हातभर लांब जंत पायातून बाहेर येई! त्याच्यावर ना लस, ना औषध. सायक्लॉप्स मात्र फडक्यात अडकतो. गावोगाव पाणी गाळून प्यायला लागले, पायऱ्यांच्या विहिरी सुधारल्या आणि भारतातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला. 2000 साली आपला देश नारूमुक्त जाहीर झाला.

पटकीचा जंतू खरं तर फडक्यातून सहज जाईल एवढा बारीक. पण तो बरेचदा सायक्लॉप्सच्या भाऊबंदांवर स्वार होऊन फिरतो. बांगलादेशात बायकांनी जुनी साडी चार पदरी करून पाणी गाळलं, तेव्हा तिथली पटकी जवळजवळ निम्म्यावर आली. हा प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला.

निम्म्यावर, पण संपली नाही. काही जंतू सुटेच पोहत असतात. काविळीचे विषाणू तर इतके सूक्ष्म, की साध्या कँडलमधूनही निसटतात. त्यांच्यासाठी तिसराच शब्द लागतो : बॉइल, म्हणजे उकळणे.