जोडीदाराचं कार्ड


मुलाने परदेशी मुलीशी लग्न केलं, की नोंदणीनंतर दोन वर्षांनी सुनेला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. मग येण्याजाण्याला व्हिसा नको. पण मुलाने मुलाशीच लग्न केलं असेल तर? अमेरिकेत 26 जून 2013 च्या निकालापासून अशा जोडीदारालाही ग्रीन कार्ड मिळतं. आपल्या सुप्रीम कोर्टाने मात्र 17 ऑक्टोबर 2023 ला अशा लग्नाला मान्यता दिली नाही. कायदा करणं संसदेवर सोडलं.

आमच्या नात्यात असं जोडपं आहे. इथे उमरीत आई आजारी पडली, तेव्हा जोडीदार टुरिस्ट व्हिसावर आला. गोळ्यांच्या वेळा त्यानेच सांभाळल्या. कागदोपत्री तो पाहुणाच.

अनेकांत आपण लहानपणापासून ऐकतो. लग्न पटो न पटो, सेवा करणाऱ्याला घरचा म्हणायला काय हरकत आहे?