पात्र, अपात्र

आम्ही दोघे यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. या काळात अभ्यासक्रम अनेकदा बदलला. परंतु 'ग्रामीण साहित्य' या ना त्या नावाने टिकून राहिले आणि त्यासोबत 'पात्रचित्रण करा' हा प्रश्नही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधील एकनाथचे पात्र आम्ही इतक्या वेळा शिकवले आहे की आता टिपण काढावे लागत नाही. शिकलेला, नोकरी न मिळालेला, शेतीकडे परतलेला मुलगा. फळ्यावर चार मुद्दे, त्याखाली रेघ.

समोरच्या बाकांवरची निम्म्याहून अधिक मुले कोरडवाहू शेतकऱ्यांची असतात. त्यांच्या गावाची एस.टी. फाट्यापर्यंत येते, पुढे चार-पाच किलोमीटर पायी. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की अख्खी गावेच्या गावे दोन दिवस हजेरीपटातून नाहीशी होतात. आम्ही त्यांच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करतो. (यात आमच्यापैकी एकाचे बालपण अशाच एका गावात गेले आहे, हेही सांगायला हवे. सवय किती लवकर होते, एवढ्यासाठी.)

२०१८ च्या पावसाळ्यात द्वितीय वर्षाची एक मुलगी तास संपल्यावर थांबली. वडील जाऊन तीन महिने झाले होते. ते आम्हांला ठाऊक होते, आम्ही घरी भेटूनही आलो होतो. तिच्या हातात एक कागद होता. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात कुटुंबाला एक लाखाची मदत द्यावी असा शासन निर्णय २००६ चा आहे. तीस हजार तातडीने, सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. त्यासाठी जिल्हा पातळीवरील समिती प्रकरण तपासते. राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी बँक वा पतसंस्था, अथवा परवानाधारक सावकार यांचे कर्ज असावे, ते फेडता आलेले नसावे आणि परतफेडीसाठी तगादा झालेला असावा. हे जुळले तर प्रकरण 'पात्र', नाही तर 'अपात्र'. तिच्या कागदावर दुसरा शब्द होता.

'पात्र' हा शब्द आम्ही कादंबरीसाठी वापरतो, भूगोलाचे सहकारी नदीसाठी. तो माणसाच्या मरणालाही लावतात हे आम्हांला वृत्तपत्रांतून माहीत होते. पण आपल्या विद्यार्थिनीच्या वडिलांच्या नावापुढे तो नकारार्थी उपसर्गासह टंकलिखित झालेला पाहणे वेगळे होते.

"सर, मॅडम, तुमचं मराठी चांगलं हाये. अर्ज तुमीच लिहून द्या," ती म्हणाली.

आम्ही लिहून दिला. दोघांनी मिळून, एका संध्याकाळी. कर्जाचे ओझे, निसर्गाची अवकृपा, उघड्यावर पडलेले कुटुंब, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, असे सगळे त्यात होते. वाक्ये चांगली होती. आम्हांलाही ती आवडली होती, हे कबूल करणे भाग आहे. आठ दिवसांनी ती अर्ज परत घेऊन आली. तो घेणाऱ्या लिपिकाने उद्धटपणा मुळीच केला नव्हता. त्याने इतकेच विचारले होते, की यात तारीख कुठे आहे?

मग दुसरा अर्ज तिने स्वतः लिहिला आणि आम्ही फक्त शुद्धलेखन पाहिले. ते पाहत असताना या घरात काय घडले ते आम्हांला प्रथमच कळले. भेटायला गेलो तेव्हा आम्ही सांत्वन केले होते, विचारले काहीच नव्हते.

हकीकत अशी होती. आमच्याकडे पीककर्जाचे 'नवंजुनं' करतात, म्हणजे मार्चमध्ये जुने भरून जूनमध्ये पेरणीला नवे उचलतात. २०१७ च्या मार्चमध्ये तिच्या वडिलांनी हातात पैसा नसताना गावातील एकाकडून शेकडा पाचाने रक्कम घेतली आणि बँकेचे खाते निरंक केले. जूनमध्ये थकबाकीदारांना दीड लाखापर्यंत कर्जमाफी जाहीर झाली. यांची थकबाकीच उरली नव्हती. नवे कर्ज त्या हंगामात मिळालेच नाही. बियाणे आणि खत कृषी सेवा केंद्रातून उधारीवर आले. त्यानंतर बीटी वाणालाही न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आली. पहिली वेचणी बरी झाली, पुढे बोंडे फुटलीच नाहीत. निघाला तो कवडी कापूस. व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला वाढत होते. म्हणजे बँकेच्या दप्तरी हा माणूस कर्जमुक्त होता आणि म्हणून अपात्र.

"बाबानं तीन महिने दम धरला असता तं माफीत बसलो असतो," हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की आम्हांला उत्तर सुचले नाही. वेळेवर परतफेड करणे हा सद्गुण, असे आम्ही शाळेपासून ऐकत आलो.

तिच्या अर्जात एकही विशेषण नव्हते. पासबुकाची प्रत होती. त्यात पूर्ण रक्कम मार्चमधल्या एकाच दिवशी जमा झालेली. कापूस विकल्याची व्यापाऱ्याची पट्टी होती. ती जानेवारीची आणि तिच्यावरचा आकडा जमा रकमेच्या निम्माही नाही. त्याखाली एकच वाक्य: घरात विकण्यासारखे काही शिल्लक नसताना उरलेले पैसे कुठून आले, याची चौकशी व्हावी. समीक्षेत ज्याला आम्ही पाठ्यांतर्गत पुरावा म्हणतो, तो हाच. इतका नेमका आम्हांला क्वचितच देता आला आहे.

फेरचौकशी झाली. पैसे देणाऱ्याने आपण एक रुपयाही दिला नसल्याचे लिहून दिले. विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तो दुसरे काय सांगणार? प्रकरण पुन्हा अपात्र ठरले. दिवाळीत तोच मनुष्य व्याज मागायला तिच्या घरी आला. तिच्या आईने दोन बकऱ्या विकून काही रक्कम दिली. पोलिसांत जा, असे आम्ही सुचवले. आई म्हणाली, पुढच्या पेरणीला पुन्हा त्याच्याच दारात जायचे आहे. या म्हणण्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

त्या वर्षीच्या घटक चाचणीत आम्ही नेहमीचाच प्रश्न दिला होता: एकनाथचे पात्रचित्रण करा, गुण वीस. आमची टिपणे तिने वापरली नाहीत. घरात कोण कमावते, जमीन कुणाच्या नावे, कुणाचे देणे, कुणाचे घेणे, असे तिने कादंबरीतून शोधून मांडले होते. आणि जे सापडले नाही त्याच्यापुढे 'लेखकाने दिलेले नाही' असे लिहिले होते. स्वभाववैशिष्ट्ये शेवटी दोन ओळींत उरकलेली.

त्या उत्तरपत्रिकेवरून आमचे भांडण झाले. एकाच्या मते हे कादंबरीचे वाचन नव्हे, पंचनामा आहे. दुसऱ्याच्या मते या वर्गात कादंबरी प्रथमच कुणीतरी वाचली होती. एकाने नऊ दिले, दुसऱ्याने सतरा. सरासरी काढून तेरा लिहिले. ती गुण पाहायला आलीच नाही. नाल्याला पूर होता.