पॅलेट क्रीकचा चर

भ्रंशाचा, म्हणजे जमिनीतल्या सरकत्या भेगेचा, अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची पंचाईत अशी, की त्याच्या हाती जेमतेम पाच वर्षं असतात आणि भ्रंश शे-दीडशे वर्षांत एखाद्या वेळी हलतो. काही तर हजारो वर्षं निपचित पडून असतात. भूकंपाची वाट पाहत पीएच.डी. होत नाही. तेव्हा या अभ्यासातलं खरं शिक्षण म्हणजे होऊन गेलेला, कुणी नोंदवून न ठेवलेला भूकंप जमिनीतून वाचणं. आणि त्यासाठी उपग्रहाच्या चित्रांआधी कुदळ-फावडं हाती यावं, असं माझं मत आहे. जुनाट वाटेल खरं, पण त्यामागे एक भक्कम उदाहरण आहे.

सत्तरच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात केरी सी नावाचा विद्यार्थी होता. लॉस एंजेलिसच्या ईशान्येला, मोहावी वाळवंटाच्या कडेला, सॅन अँड्रियास भ्रंश पॅलेट क्रीक या ओढ्याला छेदून जातो. तिथे एके काळी दलदल होती. कुजलेल्या झाडपाल्याचा काळा थर, त्यावर पुराची वाळू, पुन्हा काळा थर, अशी भर शतकानुशतकं पडत गेली. त्यात चर खणला की भिंतीवर दिसतं ते असं: खालचे थर एका रेषेशी तुटून सरकलेले, आणि त्यांच्या वरचा थर मात्र त्याच रेषेवरून अखंड गेलेला. म्हणजे भूकंप झाला तो तुटलेला थर साचल्यानंतर आणि अखंड थर साचण्याआधी. कुठे हादऱ्याने खालची ओली वाळू उसळून त्या वेळच्या जमिनीवर पसरलेली, नंतरच्या गाळाखाली जशीच्या तशी झाकली गेलेली. काळ्या थरांतल्या कार्बनवरून वय काढता येतं. या पुराव्यावरून सी यांनी 1978 मध्ये मांडलं, की सहाव्या शतकापासून 1857 च्या मोठ्या भूकंपापर्यंत तिथे निदान नऊ मोठे भूकंप झाले. दोन भूकंपांतलं अंतर सरासरी 160 वर्षांच्या आसपास. भूकंपमापक यंत्रांच्या नोंदी तेव्हा जेमतेम शंभर वर्षांच्या होत्या, आणि एका विद्यार्थ्याने भूकंपांचा इतिहास तेराशेहून अधिक वर्षं मागे नेला.

मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. अधिक अचूक कार्बन-मापन हाती येताच सी यांनी 1989 मध्ये सहकाऱ्यांसह स्वतःचंच वेळापत्रक मोडीत काढलं. सरासरी 132 वर्षांवर आली. शिवाय भूकंप नियमाने येत नाहीत, दोन-तीन लागोपाठ येतात आणि मग दोन-तीनशे वर्षं शांतता, असं दिसलं. जवळच्या झाडांच्या वर्तुळांवरून 1812 चा एक भूकंपही याच भ्रंशावर बसवला गेला. म्हणजे 1857 च्या आधीचं अंतर 45 वर्षांहूनही कमी, आणि नंतर दीडशेहून अधिक वर्षं उलटली तरी तिथे तसा भूकंप नाही. एवढ्या चढउतारात सरासरीला धरून बसणारा फसणारच.

कुणी म्हणेल, आता जीपीएस आहे, जमिनीची मिलिमीटरभर हालचाल टिपणारं उपग्रहाचं रडार आहे, मग चिखल कशाला उपसायचा? पण ही साधनं सांगतात ती गेल्या काही दशकांची गोष्ट. जमिनीवर ताण साठतोय हे त्यांना कळतं. याआधी तो केव्हा केव्हा मोकळा झाला, हे नाही. किल्लारीचं बघा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि तो भाग तेव्हाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. लिखित आठवणीत तिथे मोठा भूकंप नव्हता, एवढ्यावर सगळे निश्चिंत होते. जमीन फाटल्यावर शेतांत चर खणले गेले. आधी कुणाला सुचलंही नसतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दख्खनच्या काळ्या पाषाणात पॅलेट क्रीकची दलदल कुठून आणायची? हे खरंच आहे. कोयनेला, जिथे 1967 मध्ये 6.3 रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला, तिथे बेसॉल्टच सव्वा किलोमीटर जाड आहे. त्याखालच्या ग्रॅनाइटमध्ये आतवर शिरायला गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडावं लागलं. चर तिथे अपुरा पडतो, हे मान्य. पण चराने लावलेली सवय उपयोगी पडते. उपग्रहचित्रावर सह्याद्रीत सरळ रेघा ढिगाने सापडतात. दऱ्या त्यांच्यावरून धावतात, नद्या काटकोनात वळतात, आणि प्रबंधात त्या सर्रास भ्रंश म्हणून रंगवल्या जातात. त्यातल्या कित्येक निव्वळ सांधे असू शकतात: खडक तडकलेला, सरकलेला नाही. दोन्ही बाजूंना तोच लाल मातीचा थर वेगळ्या उंचीवर आहे का, खडकाच्या तोंडावर घासल्याच्या समांतर रेघा आहेत का, हे उन्हात कडा चढून पाहिल्याशिवाय ठरत नाही. आणि पाहिल्यावर उत्तर नकारार्थी आलं, तर तो प्रबंध आपल्याकडे अपुरा समजला जातो, हे मला विचित्र वाटतं. एखादी रेघ भ्रंश नाही हे पुराव्यानिशी दाखवणाऱ्या मुलीला पदवी बिनदिक्कत मिळावी. धरणाची जागा ठरवताना इंजिनिअरला तेवढीच माहिती हवी असते.