रत्नागिरीच्या समुद्रात, भाड्याच्या होडीने

आमच्या मुकुंदवाडीत मासा म्हणजे जायकवाडीचा. रोहू, कटला, कधी मरळ. समुद्राचा मासा येतो तो बर्फाच्या पेटीतून, आणि त्याचा भाव ऐकून आम्ही पुढच्या गाडीकडे वळतो. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला जायचे ठरले तेव्हा घरात प्रत्येकाचा बेत वेगळा होता. मुलांच्या अब्बांना रत्नदुर्ग पाहायचा होता, मुलीला लाटांत पाय बुडवायचे होते आणि नववीतल्या मुलाला मासा पकडायचा होता. तोही किनाऱ्यावर उभे राहून नाही, तर होडी भाड्याने घेऊन, आत समुद्रात जाऊन. त्याने मोबाइलवर अंदमानचे व्हिडिओ पाहिले होते. तिथे लांबून आलेले पाहुणे दिवसाच्या भाड्याने बोट घेतात, माणसाएवढे मासे ओढून काढतात, फोटो घेतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात.

मला हे पटत नव्हते. पोटासाठी मासा धरणे वेगळे आणि मौजेसाठी एका जिवाच्या तोंडात लोखंड अडकवणे वेगळे. चिमणीएवढा जीवही विनाकारण मारला तर त्याचा जाब द्यावा लागेल, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो. मग हे काय? मुलाचे उत्तर तयार होते, "अम्मी, आपण मारणारच नाही. धरायचा, पाहायचा, सोडायचा." अब्बांनी त्याची बाजू घेतली. सूरह माइदामध्ये समुद्रातली शिकार हलाल ठरवली आहे, एहराममध्ये जमिनीवरची शिकार मना असतानाही समुद्रातली मना नाही, हे त्यांनी मला ऐकवले. मी म्हटले, ती परवानगी खाण्यासाठी आहे, खेळण्यासाठी नाही. वाद तिथेच थांबला आणि आम्ही एसटीत बसलो.

माझ्या एका सहकारी शिक्षिकेचे माहेर रत्नागिरीच्या राजिवड्यात आहे. उतरलो तिथेच. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते त्या भाट्ये खाडीच्या काठावर ही वस्ती आहे. कोकणच्या किनाऱ्यावर खारवी, कोळी, भंडारी जसे मासेमारी करत आले तसे मुसलमान मच्छीमारही पिढ्यान्‌पिढ्या करत आले. त्यांना दालदी म्हणतात. मोठ्या यांत्रिक नौका थोड्या अंतरावरच्या मिरकरवाडा बंदरात लागतात. राजिवड्याच्या खाडीत लहान होड्या जास्त दिसल्या.

आम्ही मराठवाड्यातले हनफी आणि कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. हा फरक पुस्तकात वाचलेला, तिथे घराघरात दिसला. पहिल्याच दिवशी मुलगा मशिदीतून फजर पढून आला तो गोंधळून. इमामांनी दुसऱ्या रकातमध्ये रुकूनंतर हात उचलून दुआ पढली, आपण तर फजरमध्ये कुनूत पढत नाही! अस्रची अजान आपल्यापेक्षा लवकर झाली तेव्हा मुलीने दोनदा घड्याळ पाहिले. दुपारी दस्तरखानावर खेकड्यांचा रस्सा होता. त्यांच्याकडे खेकडा चालतो, आपल्याकडे समुद्रातला फक्त मासा. मी काही बोलायच्या आत घरातल्या खालाजान म्हणाल्या, "तुमच्यासाठी सुरमईचं कालवण वेगळं केलंय. तुमचं आम्हाला ठाऊक आहे." सोबत तांदळाची भाकरी आणि शेवटी सांदण. आपल्या लोकांत मसलकांवरून किती कटुता होते हे पाहिलेल्या मला त्या वेगळ्या पातेल्याचे फार अप्रूप वाटले.

होडी त्यांच्याच ओळखीची मिळाली. नाखवा साठीचे, बांधा बारीक, आवाज मोठा. सगळी मुले त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. डिझेल इंजिनाची लहान होडी, अर्ध्या दिवसाचे 6,000 रुपये, डिझेल आणि आमिष धरून. आमच्याबरोबर खालाजानचे जावई आणि त्यांचा मुलगा येणार होते, त्यामुळे भाडे वाटले गेले. पैसे ठरण्याआधी चाचांनी तीन गोष्टी सांगितल्या: लाइफ जॅकेट अंगातून काढायचे नाही, पिशवी-बाटली समुद्रात टाकायची नाही आणि घरात पुरेल एवढे मासे झाले की दोऱ्या गुंडाळायच्या, वेळ उरली असली तरी. पहिली अट ऐकून मला बरे वाटले. मागे एका दुसऱ्या किनाऱ्यावर डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्याने आम्हा नऊ जणांना तीन जॅकेटांवर बसवले होते आणि मी परत येईपर्यंत दरूद पढत होते.

"किती वाजता निघायचं?" या प्रश्नावर चाचांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात हिजरी तारीख पाहिली. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चाचा तोच हिशेब चंद्राच्या तारखेवर करतात. आपली तारीख चंद्र दिसल्यावर सुरू होते, म्हणून तिथीपेक्षा एखादा दिवस मागे चालते. तेव्हा त्यात एक मिळवायचा, कधी दोन. पंधराच्या वर गेले तर पंधरा वजा करायचे. त्या दिवशी 26 तारीख होती. एक मिळवून 27, पंधरा वजा करून 12, त्याची पाऊणपट 9. म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण भरती. पाणी चढत असते तेव्हा मासा चरायला येतो, म्हणून फजरनंतर लगेच निघायचे. शिवाय खाडीच्या मुखाशी गाळ साचलेला असतो, ओहोटी फार उतरली की होडी घासते, म्हणून दुपारच्या आत परतायचे. मुलाने हे सगळे वहीत लिहून घेतले. रमजान आणि ईदखेरीज ज्या तारखांकडे आमच्या घरात कोणी पाहत नाही, त्या तारखांवर इथे होड्या चालतात.

उजाडता उजाडता निघालो. चाचांनी मोठ्याने हजरत नूह (अलै.) यांची कश्तीत बसतानाची दुआ पढली. आधी खाडीच्या मुखाशीच थांबलो. इथे मासेमारी सोपी: दोरीला शिसे, गरीला कोळंबीचा तुकडा, तळाशी सोडायचे आणि बोटाला झटका लागेपर्यंत वाट पाहायची. याला कोकणात गरवणे म्हणतात. मुलांना ढोमे मिळाले, एक शेंगटी मिळाली. शेंगटीला मुलाने हात घालताच चाचा ओरडले. तिच्या पंखांचे काटे विषारी असतात, टोचला तर हात ठणकत राहतो. वीतभरही नसलेले ढोमे चाचांनी ओल्या हाताने गरीवरून सोडवून परत टाकले. ते पळालेही. मुलाने माझ्याकडे पाहिले, म्हणजे बघा, मी म्हणत होतो तेच.

मग होडी बाहेर काढली. उजव्या हाताला रत्नदुर्ग आणि त्याचे दीपगृह मागे पडू लागले. इथे पाण्याचा रंग बदलतो, लाट लांब होते आणि मुलांच्या अब्बांना बोट लागली. चाचांनी त्यांना आल्याचा तुकडा चघळायला दिला आणि क्षितिजाकडे पाहत राहायला सांगितले. किल्ला पाहायला आलेल्या माणसाने किल्ल्याकडे पाठ करून दोन तास काढले.

सुरमईसाठी होडी थांबवत नाहीत. मागे लांब दोऱ्या सोडायच्या, टोकाला चमकणारा नकली मासा, आणि होडी संथपणे चालवत ठेवायची. सुरमई पळत्या माशावर झेपावते. तिचे दात इतके धारदार की साधी नायलॉन दोरी कापून निघते, म्हणून गरीच्या वर वीतभर तार लावतात. तार लावूनही आमची एक सुरमई गेली. दोरी शिट्टीसारखी वाजली, जावईबापूंनी ती घाईने हाताला गुंडाळली, चाचा "सोडा, सोडा!" म्हणून ओरडले, तोवर तळहातावर लाल रेघ उमटली होती आणि दोरी सैल पडली होती. दोरी हाताला कधीही गुंडाळू नये, हा धडा घरी नेण्यासारखा आहे.

चाचांना बोलते करायला फारसे लागत नाही. त्यांच्या वडिलांच्या वेळी घरात दोन होड्या होत्या. आता एकच आहे आणि तीही महिन्यातले काही दिवस आमच्यासारख्यांना भाड्याने जाते. मुलगा कुवेतला. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत, राज्याचा 1981 चा मासेमारी कायदा चालतो. पर्ससीन जाळ्यांवर 2016 मध्ये राज्याने निर्बंध आणले, रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर 2017 मध्ये केंद्राने बंदी घातली. "कागदावर," चाचा म्हणाले. त्या दिव्यांखाली लहान-मोठा सगळाच मासा गोळा होतो आणि एका जाळ्यात उचलला जातो. गरीवाल्याला मग उरते काय?

मी विचारले, "आणि पावसाळ्यातली बंदी? ती पाळतात का?" आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण कितीतरी माशांचा तो अंडी घालण्याचा काळ. चाचांनी उत्तराऐवजी मलाच विचारले, "टीचर, शनिवारवाल्यांचा किस्सा मुलांना शिकवता ना?" सूरह आराफमधली ती वस्ती. समुद्रकाठचे लोक, शनिवारी शिकार मना, आणि नेमके शनिवारीच मासे पाण्यावर येत. "आमचा शनिवार दोन महिन्यांचा आहे. मासा जवळ येतो, पोटात अंडी असतात, घरात पैसा नसतो. तेव्हाच कळतं कोण कसा आहे." तुलना नेमकी बसत नाही, ती मनाई अल्लाहची होती आणि ही सरकारची. पण बंदीच्या दोन महिन्यांत घर कसे चालते हे ज्याने सोसले आहे त्याच्याशी मी त्यावर वाद घातला नाही.

साडेआठच्या सुमारास चाचांनी एका खडकाळ तळाच्या जागी इंजिन बंद केले. खोली अकरा वाव, म्हणजे साधारण 20 मीटर. इथे माकुळाचे तुकडे लावून गऱ्या तळाशी सोडल्या. थोड्याच वेळात माझ्या मुलाच्या हातातली दोरी खाली खेचली गेली. त्याने एकट्याने ओढली, कोणी हात लावलेला त्याला चालला नाही. वर आली ती तांबोशी, लालबुंद, तीनेक किलोची. मी आयुष्यात इतका देखणा मासा पाहिला नव्हता. फोटो झाले. मग मुलगा म्हणाला, "चाचा, आता सोडतो हिला."

चाचांनी मासा त्याच्या हातातून घेतला आणि तोंड उघडून दाखवले. आतून फुग्यासारखे काहीतरी बाहेर आले होते, डोळेही फुगलेले. "सोड. बघ काय होतं." माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावर तो पाण्यात तोल सांभाळतो. 20 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तिथून झटकन वर ओढले की पिशवीतली हवा तिपटीने फुगू पाहते आणि जठर तोंडातून बाहेर ढकलते. असा मासा सोडला तरी खाली जाऊ शकत नाही, वरच तरंगत राहतो आणि घारी-कावळे त्याला टिपतात. दाबाचे हे गणित नंतर मुलानेच मला समजावले, विज्ञान माझा विषय नाही. चाचा एवढेच म्हणाले, "खाडीतला लहान सोडला तर जगतो. हा जगणार नाही. हा आता खायचाच. खायचा नसेल तर या जागी गरी टाकायचीच नाही."

मुलगा गप्प झाला. मीही. मला वाटत होते सोडून देणे म्हणजे दया आणि घरी नेणे म्हणजे हाव. त्या होडीत ते उलटे निघाले. चाचांनी सुरी काढली, बिस्मिल्लाह म्हटले आणि मासा लगेच बर्फात ठेवला. तडफडत ठेवला नाही. माशाला जबह करावे लागत नाही हे आपण सगळे जाणतो. पण जबहचे बंधन नाही म्हणून त्याला तासभर होडीत उड्या मारत ठेवावे असे कुठे म्हटले आहे?

त्यानंतर एक गोब्रा मिळाला आणि अजून एक लहान तांबोशी. नऊ वाजून गेले होते, भाड्याची वेळ साडेअकरापर्यंतची होती. चाचांनी दोऱ्या गुंडाळल्या. खालाजानच्या घरची सात माणसे, आम्ही चार, पुरे. खालाजानच्या नातवाने खूप विनवण्या केल्या, "नाना, एकदाच." चाचांनी त्याला सुकाणू धरायला दिले आणि उरलेला वेळ आम्हाला किनाऱ्याकडेने फिरवून आणले. पैसे दिले आहेत तेवढे मासे हवेत अशी भांडणारी गिऱ्हाइकेही येतात, असे ते म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांना होडी मिळत नाही. लक्षद्वीपचे आपले मुसलमान मच्छीमार आजही कुपा मासा बांबूच्या काठीने एकेक करून धरतात, त्यांच्याबद्दल मी वाचले होते ते चाचांना सांगितले. त्यांना ते माहीत होते.

जाणाऱ्यांसाठी थोडे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी समुद्र बरा असतो, सकाळी वारा कमी. होडी ओळखीतून किंवा बंदरावर दोघा-तिघांना विचारून ठरवावी आणि जॅकेट आदल्या दिवशी डोळ्यांनी मोजून घ्यावीत. लहान मुलांना खाडीतच गरवायला न्यावे, बाहेर नेण्याची घाई करू नये. स्त्रियांनी जावे का, असे मला दोन-तीन मैत्रिणींनी विचारले. घरचे सोबत असतील तर जरूर जावे. फक्त ओढणीची टोके लाइफ जॅकेटात नीट खोचून घ्यावीत, गऱ्या त्यात अडकतात. माझ्या अडकल्या.

तांबोशी त्या रात्री नारळाच्या रसात शिजली. मुलाने पहिला घास घ्यायला वेळ लावला, मग दोन तुकडे खाल्ले. आम्ही मुकुंदवाडीला परतलो तेव्हा शेजारच्या भाभींनी विचारले, किती किलो आणले? अब्बा म्हणाले, "काहीच नाही, तिथेच संपले." मुलगा आत गेला होता, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरासमोर पेन्सिल घेऊन. समुद्र इथून साडेपाचशे किलोमीटरवर, आणि नळाला पाणी कधी येईल याचा हिशेब आम्हाला लागत नाही. पण रत्नागिरीची त्या दिवसाची भरती त्याने लिहून ठेवली होती.