मिटता चाकू

माणसाला कशाचा छंद जडावा याला काही नियम नाही. कोणी तिकिटे जमवितो, कोणी नाणी. पुण्याच्या दिनकर केळकरांनी तर घरोघर हिंडून दिवे, फण्या आणि अडकित्ते गोळा केले, आणि 1975 साली तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. मला ओढ आहे ती खिशात मावणाऱ्या, पाते मुठीत मिटणाऱ्या चाकूंची, आणि त्यांतही जे आता कोणी घडवीत नाही अशा चाकूंची. हे ऐकून आमच्या शिक्षककक्षात एकदा हशा पिकला होता. “बाईमाणसाला हा कसला शौक?” असे एक सहकारी म्हणाले. आमच्या गोव्याकडच्या स्वयंपाकघरात माझी आजी आदोळीवर बसून अख्खा फणस फोडीत असे. तिला हा प्रश्न विचारण्याची कोणाची छाती झाली असती असे मला वाटत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेत चाकू आणण्यास सक्त मनाई आहे हे तुम्ही जाणताच. तो नियम योग्य आहे, आणि माझाही चाकू घरच्या कपाटातच असतो. परंतु एके काळी शाळा आणि चाकू यांची जोडी होती. बोरू तासायचा तो चाकूने. त्याच्या टोकाला तिरपा काप नीट बसला नाही तर अक्षराला वळण येत नसे. इंग्रजांच्या ‘पेननाइफ’ या शब्दातही पिसाची लेखणी तासण्याचीच आठवण आहे. पुढे बोरू गेला, टाक आला. पेन्सिलीला टोक काढायला एवढीशी डबी मिळू लागली, आणि मास्तरांच्या खिशातला चाकू निवृत्त झाला.

माझे आजोबा असेच मास्तर. गोव्यात पोर्तुगीज अंमल असताना फोंड्याकडच्या एका खेड्यात ते मराठी शाळा चालवीत. घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत पोर्तुगीज, असा तो काळ. त्या दिवसांत गोव्याच्या बाजारात युरोपचा माल मुबलक येई. 1950 नंतर केव्हातरी आजोबांनी मडगावच्या बाजारातून दोन पात्यांचा एक ‘रॉजर्स’ विकत घेतला. तोच आता माझ्याकडे आहे.

रॉजर्स म्हणजे शेफील्डचा जोसेफ रॉजर्स. तारा आणि क्रूस ही त्या घराण्याची खूण 1682 सालची. आपल्या देशात विलायती चाकू म्हणजे रॉजर्स, असे जुन्या पिढीचे समीकरणच होते. 1851 साली लंडनच्या महाप्रदर्शनासाठी याच कारखान्याने 75 पात्यांचा एक अजस्र चाकू बनविला. कोणाच्याही खिशात न मावणारा खिशातला चाकू! मला तो मुळीच आवडत नाही. 1970 च्या सुमारास ही पेढी दुसऱ्यांच्या हाती गेली. त्या नावाने आजही चाकू निघतात. पण जुना कारखाना आणि तिथले हात राहिले नाहीत.

या चाकूंच्या मुठींशी आपलाही संबंध आहे, हे मला फार उशिरा कळले. शेफील्डचे कारागीर मुठीला ज्याचे शिंग बसवीत तो सांबर बहुधा आपल्या रानातला असे. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या सरकारने शिंगांची निर्यात थांबविली आणि जगभरचे शौकीन हळहळले. सांबर मात्र हळहळले नसणार. हस्तिदंताच्या मुठीही अशाच बंद झाल्या, आणि त्याचे मला दुःख नाही. बंद पडलेली प्रत्येक वस्तू परत यावी असे म्हणणारा शौकीन मला जरा स्वार्थी वाटतो.

वस्तू बंद पडण्याची कारणेही किती निरनिराळी! स्वित्झर्लंडच्या सैन्यात 1961 पासून एक साधा चाकू चाले. ॲल्युमिनियमची खरबरीत मूठ, एक पाते, एक टोच्या, डबा फोडण्याचे आणि बाटली उघडण्याचे साधन, संपले. पात्याच्या बुडाशी साल कोरलेले. 2008 मध्ये सैन्याने एका हाताने उघडणारा मोठा चाकू स्वीकारला, आणि त्या दिवसापासून जुन्याचे चाहते आपापल्या जन्मसालाचा नग शोधू लागले. उत्तर प्रदेशातील रामपूरची गोष्ट वेगळी. तिथल्या लोहारांचा खटकेदार चाकू हिंदी चित्रपटांतील गुंडांच्या हाती गेला आणि बदनाम झाला. 1990 नंतरच्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आली, आणि एकामागून एक दुकाने उठली. 2023 साली त्याच रामपुरात एका चौकात वीस फुटी चाकूचे शिल्प उभे राहिले.

फार दूर कशाला? कच्छमध्ये भूजजवळचे रेहा हे गाव चप्पू आणि सुड्या यांसाठी नावाजलेले. गुजरातीत चाकूला चप्पू म्हणतात आणि अडकित्त्याला सुडी, हे सुरतेच्या मुलांना मी सांगायला नको.

या मिटत्या चाकूत कळ अशी काही नसते. पाठीत पोलादाची एक पट्टी असते. तिच्या ताणामुळे पाते उघडे असताना उघडे राहते आणि मिटल्यावर मिटलेले. पाते बसताना ‘खट्’ असा आवाज येतो. जाणकार डोळे मिटून त्या आवाजावरून चाकूची तब्येत सांगतात. आमच्या रॉजर्सचा आवाज आता जरा बसला आहे.

शौकिनांमध्ये दोन पंथ आहेत. एक पंथ न वापरलेला चाकू मखमलीच्या पेटीत ठेवतो. सुरतेतच असे एक गृहस्थ मला भेटले. हिऱ्यांच्या व्यवसायातले, नजर अर्थातच तीक्ष्ण. त्यांनी माझा चाकू भिंगातून पाहिला, बरी किंमत देऊ केली, आणि वर बजावले, “घ्यायचा नसेल तर राहू द्या, पण बेन, याला पुन्हा धार लावू नका. प्रत्येक धारेला पाते कमी होते.” त्यांचे म्हणणे खरे होते. मोठे पाते मुळात जेवढे रुंद होते, त्याच्या निम्मेच आता उरले आहे. सत्तर वर्षे पेन्सिली, सुपाऱ्या, कैऱ्या आणि दोरखंड यांनी त्याला खाल्ले, आणि त्याहून अधिक खाल्ले ते धारवाल्यांनी.

तरीही मी दुसऱ्या पंथाची. ज्या पात्याने काही कापायचेच नाही, ते ठेवून त्याचे करायचे काय? शिवाय आमच्या घरी या प्रश्नाला एक तिसरा धनी आहे. माझे वडील फोंड्याला असतात. त्यांची दृष्टी अधू झाली आहे. वर्तमानपत्र सुटले, कॅरम सुटला. पण हातात हा चाकू दिला की नखाने खाच चाचपून ते पाते उघडतात आणि न पाहता सुपारीचे एकसारखे काप करतात. मे महिन्यात मी उंबरठ्यावर पाय ठेवते न ठेवते तोच विचारतात, “सुरी हाडल्या?” विमानात हा चाकू जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून आम्ही आगगाडीनेच जातो. तो कायमचा तिकडेच ठेवावा असे मी सुचविले, तर म्हणाले, “तुजेकडेन आसूं दी.” चाकूच्या निमित्ताने लेक येते, हा हिशेब त्यांनी मनात केला असेल काय, ते मी विचारले नाही.

आमच्या गल्लीत सायकलवर साण घेऊन एक सराणिया येत असतो. महाराष्ट्रात जसे शिकलगार, तसे गुजरातेत हे लोक. हत्यारांना धार लावीत गावोगाव फिरणारे. आता घरोघरी स्वस्तातले चाकू आले. बोथट झाले की फेकले, त्यामुळे त्याची हाक पूर्वीइतकी ऐकू येत नाही. दिवाळीनंतर मी त्याला रॉजर्स दाखविला. पात्यावरून अंगठा फिरवून तो बराच वेळ गप्प राहिला. मग चाक न फिरविता त्याने पेटीतून एक गुळगुळीत दगड काढला, पाण्याचे चार थेंब टाकले आणि हातानेच हलकी धार दिली. चाकावर धरले तर दोन-तीन खेपांत पाते संपेल, असे त्याने सांगितले. दगडावर किती वर्षे जाईल असे मी विचारले, तेव्हा तो हसला आणि माझ्या वडिलांचे वय विचारले. मी सांगितले. “एटलुं तो चालशे,” तो म्हणाला, आणि पैसे नेहमीपेक्षा कमी घेतले.

तसला एक दगड मी आता घेऊन ठेवला आहे. मे महिन्यात गोव्यात मानकुराद उतरलेला असतो, आणि बाबांना तो चोखून नव्हे, कापून लागतो. हे जुने पोलाद आंब्याच्या रसाने काळे पडते; फोडी झाल्या की पाते लगेच पुसून त्यावर खोबरेलाचे बोट फिरवावे लागते.