टीव्हीसमोर आता बसवत नाही

आमच्या घरी टीव्ही आला १९८६ साली. अब्बा कुवेतहून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी आणला. कल्याणला खाडीजवळच्या आमच्या चाळीतला तो पहिला रंगीत टीव्ही. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, गुरुवारी रात्री छायागीत. दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. अजान झाली की दादी उठून आवाज बंद करायची आणि कुणी कुरकुर करत नसे.

१९८७ मध्ये रामायण सुरू झालं. रविवारी सकाळी शेजारच्या काकू आंघोळ करून आमच्याकडे येत. अम्मी त्यांच्यासाठी धुतलेली चटई अंथरायची आणि मालिका संपेपर्यंत मटण स्टोव्हवर चढवायची नाही. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी गुलजारांची ‘मिर्झा गालिब’ लागली. तेव्हा काकू उर्दू शब्दांचे अर्थ विचारायच्या आणि दादी ऐटीत सांगायची.

आज घरात भिंतीएवढा टीव्ही आहे, पण मला त्याच्यासमोर दहा मिनिटंही बसवत नाही.

हे कधी झालं, ते मला नेमकं ठाऊक आहे. २०२० चा लॉकडाऊन. मशिदी बंद, तरावीह घरीच. दिवसभर टीव्ही चालू. दिल्लीच्या मरकजची बातमी आली आणि रोज रात्री अशा चर्चा सुरू झाल्या, जणू आजारालाही धर्म असतो. लेकीचा सात वर्षांचा मुलगा तेव्हा आमच्याकडेच अडकला होता. एका रात्री त्याने विचारलं, ‘‘नानी, हे आपल्याबद्दल बोलतायत का?’’

मी म्हटलं, ‘‘नाही रे बाळा.’’

रमजानच्या महिन्यात मी लेकराशी खोटं बोलले.

त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तब्लिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांनी केलेल्या अपप्रचारावरही बोट ठेवलं. मी त्या रात्री मुद्दाम जागत बसले. मी पाहत होते त्या चॅनेलवर ही बातमी खालच्या पट्टीतून सरकून गेली.

पण सगळा दोष टीव्हीच्या माथी मारून मला मोकळं होता येणार नाही. त्या चर्चा मला कुणी बळजबरीने दाखवत नव्हतं. रिमोट माझ्याच हातात होता. संतापत, पुटपुटत मी रात्री अकरापर्यंत बसायची आणि इशाची नमाज मागे पडायची. रागाचीही चटक लागते. आपल्या बाजूचं काही मोबाइलवर आलं की मी न तपासता दहा जणांना पाठवायची. त्यातला एक व्हिडिओ जुना, भलत्याच देशातला निघाला. लेकीनेच दाखवून दिलं. बातमी आली तर आधी खातरजमा करा, असं सूरह हुजुरातमध्ये सांगितलंय. ती सूरह मी कितीदा वाचली असेल! पण तो हुकूम फक्त समोरच्यांसाठी आहे, अशीच जणू माझी समजूत होती.

मी बातम्या बंद केल्या, पण गोडी परतली नाही. विनोदी मालिकेतही डोक्यावर टोपी घातलेलं पात्र आलं की मी सावरून बसते, आता याच्या तोंडी काय घालतील म्हणून. पूर्वीसारखं निर्धास्त बसणं गेलं ते गेलंच.

या ईदला त्याच काकू शीरखुर्मा प्यायला आल्या. वय झालंय, ऐकू कमी येतं. नातवाने ‘मिर्झा गालिब’ शोधून लावली. काकूंनी पूर्वीसारखाच एका शब्दाचा अर्थ विचारला. दादी नव्हती, म्हणून मी सांगितला. पाऊण तास मी जागची हलले नाही.

काकू गेल्यावर नातवाला जवळ बसवलं. म्हटलं, ‘‘लॉकडाऊनमध्ये तू मला एक विचारलं होतंस. ते आपल्याबद्दलच बोलत होते. बरंचसं खोटं होतं. आणि नाही म्हणाले, तेव्हा मीही तुझ्याशी खोटंच बोलले.’’

तो म्हणाला, ‘‘मला तेव्हाच कळलं होतं, नानी.’’