आधी हवा, मग इस्तू

विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातल्या माणसाला देशातला कुठलाच सराफ बाजार परका नाही. पाऊस दगा देणारा आमचा मुलूख. जमीन असून पोट भरेना म्हणून आमची माणसं सोनं-चांदी गाळायला बाहेर पडली आणि जिथं सोनार तिथं एखाद्या बोळात गलाईची भट्टी मांडून बसली. १९७२च्या दुष्काळानं तर कितीतरी घरांतले कर्ते पोरगे गावाबाहेर काढले. माझे वडील, तात्या, त्याच सुमाराला मद्रासला आले. १९९६ साली शहराचं नाव चेन्नई झालं, तात्या मात्र शेवटपर्यंत मद्रासच म्हणत राहिले.

मिंट स्ट्रीटवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत त्यांची भट्टी होती. सराफाच्या पेढीतली झाडलोट, मोडीत आलेले दागिने, पॉलिशच्या फडक्यांची राख, असलं सगळं त्यांच्याकडे यायचं आणि त्यातून सोनं वेगळं काढायचं. सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सिअसला, चांदी ९६२ला. हे आकडे मी पुढं पुस्तकात वाचले. तात्या मुशीच्या कडेचा रंग बघत. लाल कड नारिंगी व्हायची, मग पिवळी पडत पडत डोळ्यांना सोसवेनाशी व्हायची, आणि त्या क्षणी ते टाकणखाराची चिमूट आत सोडायचे. त्यांचा हात कधी घाईला आलेला मी पाहिला नाही.

सगळ्यात अवघड काम मात्र गाळण्याचं नव्हतं, भट्टी पेटवण्याचं होतं. कोळसा यायचा रामनाथपुरम, शिवगंगा भागातला, वेड्या बाभळीचा. तो चांगला कोळसा. पण मद्रासचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, आणि त्या दिवसांत पोत्यातला कोळसाही हवेतली ओल धरून बसायचा. वरून कोरडा दिसे आणि पेटता पेटत नसे. तात्या तळाला काथ्याचा पुंजका ठेवत, त्यावर करवंटीचे तुकडे, मग हरभऱ्याएवढा बारीक कोळसा आणि सगळ्यात वर मोठे तुकडे. पण हे रचल्यावर लगेच काडी नाही ओढायची. आधी खोलीचं दार सताड उघडायचं, पंख्याचा दांडा थोडा वेळ नुसताच फिरवायचा, आत काही कोंडलं असेल ते बाहेर जाऊ द्यायचं. “आधी हवा, मग इस्तू,” ते म्हणत. मी जवळ सरकलो की, “लेका, वर वाकू नगंस.” स्वतः मात्र वाकत. वाकल्याशिवाय ती भट्टी पेटतच नव्हती.

काडी शिवकाशीची. १९२२ साली त्या कोरडवाहू गावातले नाडर समाजाचे दोघे काड्यापेटीचं काम शिकायला कलकत्त्याला गेले आणि परत येऊन त्यांनी गावात कारखाना घातला. पाऊस नाही म्हणून दुसऱ्या कुणाच्या हुन्नराकडे वळलेलं ते गाव तात्यांना आपल्या भागासारखं वाटे, आणि काड्यापेटी उघडताना ते हटकून त्याची आठवण काढत.

काथ्या धरायचा, पांढरा धूर उठायचा, आणि तात्या पंख्याचा दांडा एका हाताने फिरवत कान भट्टीकडे लावायचे. ओला कोळसा कढईतल्या मोहरीसारखा तडतडतो. ती तडतड किती दाट आहे, कुठल्या बाजूनं येते, यावरून त्यांना कळे की वारा वाढवायचा की थांबायचं. मग एका क्षणी आवाज बदलायचा, खालून एक सलग घुमारा सुरू व्हायचा आणि तात्या म्हणायचे, “घेतलं.” कोळशाच्या वर निळी ज्योत नाचू लागायची. लहानपणी मला ती ज्योत फार आवडायची.

ती ज्योत कार्बन मोनॉक्साइडची असते. हा वायू जळाला तर निळा दिसतो, न जळता खोलीत राहिला तर दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. तात्यांचं डोकं संध्याकाळी ठणकायचं ते उन्हानं, असं आम्ही धरून चाललो होतो. सोन्यातली चांदी काढायला ते तेजाब वापरत. त्यातून उठणारा तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायॉक्साइड. तो घशाला लगेच फारसा बोचत नाही, पण कित्येक तासांनी फुप्फुसात पाणी धरू शकतो. कोळशाचा धूर सकाळी, तेजाबाचा दुपारी, आणि खोलीला एकच दार. खोकला सुरू झाला तेव्हा कुणी दचकलं नाही. आमच्या धंद्यात चाळिशीनंतर सगळेच खोकत.

शेवटच्या वर्षी बशीतल्या चहावर फुंकर मारायलाही त्यांना दम पुरेना. आई चहा निववून द्यायची. रोज फुंकून आग उभी करणारा माणूस ती बशी हातात घेऊन गप्प बसायचा. साठी त्यांना दिसली नाही.

मी पुढं अंबत्तूरला एका कारखान्यात लागलो. तिथं लाकडाचा भुसा, शेंगदाण्याची टरफलं दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणाऱ्या भट्ट्या बनतात, आणि माझ्याकडे काम आलं त्या आपोआप पेटवण्याच्या यंत्रणेचं. १९७३च्या तेलटंचाईनंतर ऑस्ट्रिया, स्वीडन, अमेरिका अशा थंड मुलखांत लोक पुन्हा लाकडाकडे वळले, त्यातून या गोळ्यांच्या शेगड्या वाढल्या. सुरुवातीच्या शेगड्या हातानंच पेटवाव्या लागत. मग त्यात विजेची कांडी आली. ही कांडी धातूची किंवा सिरॅमिकची असते. ती तापते, तिच्यावरून गेलेली हवा शेकडो अंशांची होऊन गोळ्यांवर येते, आणि काही मिनिटांत ज्वाला धरते. ज्वाला धरली हे समोर बसवलेला प्रकाशाचा डोळा ओळखतो, किंवा धुराड्यातलं वाढलेलं तापमान सांगतं. मग कांडी बंद होते, गोळ्यांची आणि हवेची मात्रा वाढते. नाही पेटलं तर यंत्र पुन्हा प्रयत्न करतं, तरीही नाही तर थांबतं आणि लाल दिवा लावतं. कारण अर्धवट धुमसणाऱ्या इंधनाचा वायू आत साठून एकदम भडकला तर दार उडतं.

पहिल्यांदा तो क्रम समोर चालताना पाहिला तेव्हा कांडी तापायच्या आधी पंखा सुरू झाला. रिकाम्या भट्टीतून नुसती हवा. शेजारचा अभियंता समजावून सांगत होता की आत काही वायू कोंडला असेल तर तो आधी बाहेर काढतात. मला तिथं उभं राहवेना.

गावच्या जत्रेला सगळे गलाईवाले जमतात तेव्हा कुणीतरी म्हणतंच की कोळशाच्या सोन्याची झळाळी वेगळी होती. मला हे पटत नाही. सोनं तेच, वितळण्याचा अंशही तोच. आता बऱ्याच पेढ्यांत इंडक्शनची भट्टी आहे, चुंबकीय क्षेत्रानं धातू आतूनच तापतो, ज्वालाच नाही. आमच्या गल्लीतही तीच आली आणि फार बरं झालं. हातानं आग पेटवण्यात काही थोर होतं असं मी म्हणणार नाही. त्या थोरपणाची किंमत आमच्या घरानं मोजली आहे.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. यंत्राला कळतं ते प्रयत्न फसल्यावर. तात्यांना काडी ओढण्याआधी, पोत्यात हात घालूनच कळायचं की आज कोळसा रुसणार आहे. किती ओल, किती वारा, केव्हा थांबायचं, हे त्यांनी कुठं लिहून ठेवलं नाही, आणि मी विचारलं तर हसून म्हणत, “आपसूक कळतंय की.” ते गेले आणि ते कळणंही गेलं. टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी आता खानापूर-आटपाडीच्या शिवारात आलंय, तेही त्यांनी पाहिलं नाही. ते आधी आलं असतं तर कदाचित तात्या ती भट्टी मांडायला गेलेच नसते.

ज्या गलाई बांधवांची भट्टी अजून कोळशावर आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. छपराच्या वर जाणारं धुराडं बांधून घ्या, तेजाबाचं काम बंद खोलीत करू नका, त्याला बाहेर हवा फेकणारा पंखा लावा. वर्षातून एकदा फुंकर मारून घेतात ती फुप्फुसांची तपासणी करा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा की आम्ही भट्टीवर काम करतो.